बिझनेस ॲडमिनिस्ट्रेशनची असोसिएट डिग्री: आधी शेवट ठरवा, मग पहिला कोर्स घ्या

न्यू जर्सीतल्या एडिसन आणि आसपासच्या मराठी घरांतून मला एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत विचारला जातो. शिक्षण अर्धवट राहिलंय, नवऱ्याच्या नोकरीमुळे इथं आले, व्हिसा एच-४ आहे, मुलं आता शाळेत जायला लागलीत. काही शिकता येईल का? येतं. एच-४ वर असताना वेगळा विद्यार्थी व्हिसा न घेता पूर्णवेळ किंवा अर्धवेळ, हवं तसं शिकता येतं.

मी सांगलीची. बारावी कॉमर्स, शिवाजी विद्यापीठातून एस.वाय.बी.कॉम.पर्यंत शिक्षण, मग एका पतसंस्थेत काउंटरवर नोकरी, मग लग्न आणि न्यू जर्सी. इथल्या काउंटी कॉलेजात बिझनेस ॲडमिनिस्ट्रेशनची असोसिएट डिग्री केली आणि तिच्या जोरावर पुढे रटगर्स या राज्याच्या विद्यापीठात थेट तिसऱ्या वर्षात गेले. त्यामुळे खाली जे आहे ते मुख्यतः न्यू जर्सीचं आहे. दुसऱ्या राज्यांचं जे पक्कं ठाऊक आहे तेवढंच मधे येईल.

असोसिएट डिग्री साधारण ६० क्रेडिटांची असते. क्रेडिट म्हणजे कोर्स किती मोठा ते मोजायचं माप. पूर्णवेळ शिकलात तर दोन वर्षं, अर्धवेळ शिकलात तर तीन, चार, कितीही. ती मुख्यतः कम्युनिटी कॉलेजांत मिळते. न्यू जर्सीत अशी १८ कॉलेजं आहेत आणि इथं त्यांना सर्रास काउंटी कॉलेज म्हणतात. 'दोन वर्षांचं कॉलेज म्हणजे ज्यांना कुठं प्रवेश मिळाला नाही त्यांच्यासाठी' असं आपल्याकडे बोललं जातं, ते मनातून काढून टाका. इलिनॉयमधलं जोलिएट ज्युनिअर कॉलेज १९०१ साली सुरू झालं तेच मुळी विद्यार्थ्यांना विद्यापीठाची पहिली दोन वर्षं घराजवळ करता यावीत म्हणून. आजही हा रस्ता त्यासाठीच आहे आणि घर सांभाळून शिकणाऱ्या बाईसाठी याहून चांगला रस्ता मला दिसलेला नाही. माझ्या वर्गात अठरा वर्षांची मुलं होती, दोन पाळ्यांमध्ये काम करणारे बाप होते, आणि पन्नाशीच्या बायकाही होत्या.

आधी शेवट

अर्ज भरण्याआधी एका कागदावर लिहा: ही डिग्री मिळाल्यावर मी काय करणार? याचं उत्तर नसेल तर बाकी काहीच ठरवता येत नाही, कारण 'बिझनेस'ची असोसिएट डिग्री एकाच प्रकारची नसते.

ए.ए. (असोसिएट इन आर्ट्स) आणि ए.एस. (असोसिएट इन सायन्स) या डिग्र्या पुढे चार वर्षांच्या विद्यापीठात जाण्यासाठी आखलेल्या असतात. ए.ए.एस. (असोसिएट इन अप्लाइड सायन्स) ही लगेच नोकरीत उतरणाऱ्यांसाठी असते. तिच्यात पेरोल, ऑफिसची सॉफ्टवेअर्स, हिशेबाचे हातानं करायचे कोर्स जास्त आणि इंग्रजी, गणित, इतिहास यांसारखे सर्वसाधारण विषय कमी. दोन्हींची नावं कॉलेजच्या यादीत एकाखाली एक असतात. 'बिझनेस ॲडमिनिस्ट्रेशन' आणि 'बिझनेस मॅनेजमेंट' यांत फरक काय, असं वाटून कुणीही त्यातली एक निवडते. फरक नावात नसतो, शेवटच्या अक्षरांत असतो.

न्यू जर्सीत हा फरक कायद्यानं मोठा केला आहे. तेव्हाच्या आमदार पामेला लॅम्पिट यांच्या नावानं ओळखला जाणारा २००७ चा कायदा आहे. त्यानुसार इथल्या काउंटी कॉलेजातून ए.ए. किंवा ए.एस. पूर्ण करून तुम्ही राज्याच्या सरकारी विद्यापीठात प्रवेश मिळवलात, तर तुमची डिग्री तिथल्या पहिल्या दोन वर्षांच्या जागी धरली जाते. ए.ए.एस.ला हे संरक्षण नाही. तिथं विद्यापीठ एकेक कोर्स तपासतं आणि काही घेतं, काही सोडतं. कायद्यातली दुसरी गोष्टही नीट वाचा: क्रेडिटं धरली जातील याची हमी आहे, प्रवेशाची नाही. रटगर्सच्या बिझनेस स्कूलमध्ये जागा मिळवायची तर गुण लागतातच.

एनजे ट्रान्सफर नावाची राज्याची साइट आहे. तिच्यावर आपलं काउंटी कॉलेज आणि जायचं ते विद्यापीठ निवडलं की कुठला कोर्स तिथं कुठल्या कोर्सच्या जागी बसतो ते दिसतं. ती यादी छापून घ्या आणि पहिल्या दिवसापासून फाइलला लावून ठेवा. ॲडव्हायजर बदलतात, कागद आपल्यापाशी राहतो.

कॅलिफोर्नियात राहत असाल तर तिथं 'असोसिएट डिग्री फॉर ट्रान्सफर' असा खास प्रकार आहे. २०१० च्या कायद्यानं तो आला आणि तो पूर्ण केला की कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीच्या व्यवस्थेत कुठंतरी जागा नक्की मिळते, मात्र हवा तोच कॅम्पस मिळेल असं नाही. कुपर्टिनोतलं डी अँझा कॉलेज आपल्या लोकांच्या ओळखीचं. तिथं सेमिस्टर नसून क्वार्टर असतात, त्यामुळे ६० ऐवजी ९० युनिटं दिसली तर घाबरू नका, काम तेवढंच आहे.

आणि भारतात परत जायचा विचार असेल तर तो आत्ताच हिशेबात घ्या. तिकडे असोसिएट डिग्री म्हणजे पदवी धरत नाहीत. बँकेच्या किंवा सरकारी परीक्षेच्या अर्जात 'पदवीधर' या रकान्यात ती चालणार नाही. परत जायचं असेल तर पुढची दोन वर्षं करून बॅचलर डिग्री घेऊनच जा.

ज्यांचं बी.कॉम. पूर्ण झालंय त्यांना मी वेगळं सांगते. तुम्हाला बहुधा ही डिग्री लागणारच नाही. आधी त्या पदवीचं मूल्यांकन करून घ्या; कदाचित थेट बॅचलरच्या शेवटच्या टप्प्यात किंवा मास्टर्सला जाता येईल, किंवा अकाउंटिंगचे मोजके कोर्स काउंटी कॉलेजात घेऊन काम भागेल. असोसिएट डिग्री खरी उपयोगी पडते ती बारावीवर थांबलेल्यांना, माझ्यासारख्या मधेच सुटलेल्यांना, आणि वेगळ्याच विषयातून येऊन पायापासून सुरू करू इच्छिणाऱ्यांना.

कागदपत्रं: सगळ्यात लांबचं काम, म्हणून सगळ्यात आधी

प्रवेशाचा फॉर्म एका बैठकीत भरून होतो. भारतातून कागद यायला महिने जातात. सप्टेंबरच्या सेमिस्टरला बसायचं असेल तर जानेवारीतच सुरुवात करा.

बारावीचं गुणपत्रक आणि प्रमाणपत्र लागतं. हरवलं असेल तर आपल्या विभागीय मंडळाकडून दुय्यम प्रत मागवायची. सांगली, सातारा, कोल्हापूरकरांसाठी ते मंडळ कोल्हापूरला आहे. अर्धवट कॉलेज केलं असेल तर ते विसरून जाऊ नका. एफ.वाय. आणि एस.वाय.च्या विषयांनाही इथं क्रेडिट मिळू शकतं. त्यासाठी विद्यापीठाच्या परीक्षा विभागाकडून ट्रान्स्क्रिप्ट काढावं लागतं आणि ते एखाद्या मूल्यांकन संस्थेकडे पाठवावं लागतं. आपल्याकडे डब्ल्यूईएस सगळ्यांना माहीत आहे, पण आपलं कॉलेज कुणाचा अहवाल मानतं ते आधी विचारा. अहवाल दोन प्रकारचे असतात. एकात फक्त 'अमुक शिक्षण झालंय' एवढंच येतं. दुसऱ्यात प्रत्येक विषय, त्याची क्रेडिटं आणि इथल्या पद्धतीची ग्रेड येते. क्रेडिट ट्रान्सफरसाठी दुसराच लागतो. थोडे डॉलर वाचवायला पहिला मागवला तर पुन्हा पैसे भरावे लागतात.

ट्रान्स्क्रिप्टचं पाकीट विद्यापीठानं सीलबंद करून, चिकटवलेल्या जागेवर शिक्का मारून द्यायचं असतं. घरच्या माणसानं ते कौतुकानं उघडून बघितलं की संपलं. माझा भाऊ कोल्हापूरला जाऊन घेऊन आला तेव्हा मी त्याला फोनवर दोनदा बजावलं होतं, पाकिटाला हात लावायचा नाही.

आता नावाचं. हे प्रकरण आपल्याच बायकांचं असतं आणि इथल्या क्लार्कला ते समजावताना दमछाक होते. आपल्या गुणपत्रकावर आधी आडनाव, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं, आणि वेगळ्या ओळीत आईचं. पासपोर्टवर लग्नानंतरचं आडनाव आणि मधे नवऱ्याचं नाव. काहींचं तर पहिलं नावही बदललेलं. संगणकाला या दोन वेगळ्या बायका वाटतात. विवाह नोंदणीचा दाखला, आणि नाव राजपत्रात बदललं असेल तर त्याची प्रत, दोन्ही पहिल्याच अर्जासोबत जोडा. दाखला फक्त मराठीत असेल तर अधिकृत इंग्रजी भाषांतर करून घ्या. मूल्यांकनाच्या अर्जात 'पूर्वीचं नाव' हा रकाना असतो. तो रिकामा सोडू नका.

गुणांबद्दल एकच सांगते. ५८ टक्के म्हणून संकोचू नका आणि स्वतःच रूपांतर करून फॉर्मात लिहू नका. इथं ६० च्या खाली बहुतेक नापास धरतात, आपल्याकडे ६० ला प्रथम श्रेणी. हे मूल्यांकन करणाऱ्यांना माहीत असतं.

कॉलेजात गेल्यावर इंग्रजी आणि गणिताची चाचणी द्यावी लागू शकते, बऱ्याच ठिकाणी ॲक्युप्लेसर नावाची. तिच्यात मागे पडलं तर क्रेडिट न मिळणारे तयारीचे कोर्स घ्यावे लागतात आणि त्यांचेही पैसे पडतात. म्हणून नमुना प्रश्न सोडवून जा. कॉलेज बोर्डाच्या साइटवर ते फुकट आहेत. अपूर्णांक, टक्केवारी, समीकरणं आपल्याला दहावीतच आलेली असतात, फक्त गंज चढलेला असतो.

आणखी एक. कॉलेजला ईमेल आणि फोन स्वतः करा. नवऱ्याला करायला लावू नका. १९७४ चा फेर्पा नावाचा कायदा आहे. त्यामुळे तुमच्या लेखी संमतीशिवाय कॉलेज तुमच्या शिक्षणाच्या नोंदींबद्दल नवऱ्याशी बोलत नाही. मला हा कायदा फार आवडला.

पैसे

काउंटी कॉलेजात त्या काउंटीच्या रहिवाशाला कमी फी आणि बाहेरच्याला जास्त. घरभाड्याचा करार, विजेचं बिल, ड्रायव्हिंग लायसन्स, जे तुमच्या नावावर असेल ते न्या. सगळं नवऱ्याच्याच नावावर असेल तर निदान करारात आपलं नाव घालून घ्या. एच-४ वाल्यांना रहिवाशाचा दर मिळतो का, हे राज्याच्या आणि कॉलेजच्या नियमावर असतं; रजिस्ट्रारला लेखी विचारा. कॅलिफोर्नियात रहिवाशाला युनिटमागे ४६ डॉलर पडतात, त्यावरून दर किती कमी असू शकतो याचा अंदाज येईल.

केंद्र सरकारची मदत, म्हणजे फाफसा नावाचा अर्ज भरून मिळणारी, ती नागरिक, ग्रीनकार्डधारक आणि आणखी काही ठरावीक गटांना. एच-४ आणि एफ-१ (विद्यार्थी व्हिसा) ला नाही. ग्रीनकार्ड आलं असेल तर जरूर भरा. पण भारतातली का होईना, बॅचलर डिग्री झालेली असेल तर पेल ग्रँट, म्हणजे परत न फेडायची सरकारी मदत, मिळत नाही. कॉलेजच्या स्वतःच्या फाउंडेशनच्या शिष्यवृत्त्या मात्र वेगळ्या असतात. त्यांतल्या काहींना व्हिसाची अट नसते. अर्ज करणारेच कमी असतात, म्हणून कराच.

पुस्तकं पहिल्या तासाआधी विकत घेऊ नका. राइस विद्यापीठाचा ओपनस्टॅक्स हा प्रकल्प अकाउंटिंग, इकॉनॉमिक्स, मॅनेजमेंट, स्टॅटिस्टिक्स, बिझनेस लॉ या सगळ्यांची पूर्ण पुस्तकं फुकट देतो आणि बरेच प्राध्यापक तीच लावतात. दुसरीकडे काही कोर्सना गृहपाठच प्रकाशकाच्या साइटवर करायचा असतो आणि त्यासाठी कोड विकत घ्यावा लागतो; तिथं जुनं पुस्तक स्वस्तात मिळालं तरी उपयोग नाही. कुठला प्रकार आहे ते सिलॅबसमध्ये लिहिलेलं असतं. टीआय-८४ कॅल्क्युलेटर लागलाच तर विकत घेण्याआधी कॉलेजच्या लायब्ररीत चौकशी करा, बऱ्याच ठिकाणी तो वापरायला मिळतो.

काही क्रेडिटं परीक्षा देऊनही मिळवता येतात. क्लेप नावाच्या परीक्षा असतात. फायनान्शियल अकाउंटिंग, मार्केटिंग, मॅनेजमेंट, दोन्ही इकॉनॉमिक्स, सगळं त्यात आहे. गुण २० ते ८० मध्ये मोजतात आणि ५० ला क्रेडिट द्यावं अशी शिफारस आहे. मॉडर्न स्टेट्स ही संस्था तयारीचे कोर्स फुकट देते आणि कोर्स पूर्ण केला की परीक्षेच्या फीचं व्हाउचरही देते. पण पुढचं विद्यापीठ हे क्रेडिट घेतं का, ते आधी बघा. अकाउंटिंग तर मी म्हणेन परीक्षेनं उडवू नकाच, वर्गात बसून करा. का, ते पुढे.

विषय

बिझनेसच्या ए.एस.मध्ये साधारण हे येतं: अकाउंटिंगचे दोन कोर्स, मायक्रो आणि मॅक्रो इकॉनॉमिक्स, बिझनेस लॉ, मॅनेजमेंट किंवा मार्केटिंग, स्टॅटिस्टिक्स, कॅल्क्युलस किंवा त्याच्या जवळचं गणित, इंग्रजी रचनेचे दोन कोर्स, भाषण, एक प्रयोगशाळेचा विज्ञान विषय, आणि इतिहास-समाजशास्त्र वगैरे.

अकाउंटिंगबद्दल सविस्तर लिहिते, कारण कॉमर्सवाल्यांना इथं फायदाही आहे आणि अडखळही. किर्द, खतावणी, तेरीज, ताळेबंद हे सगळं तेच आहे. द्विनोंदी पद्धत जगभर एकच. पण आपण अकरावीला तीन नियम पाठ करून आलो: घेणाऱ्याचे नावे, देणाऱ्याचे जमा, जे येते ते नावे, जे जाते ते जमा, खर्च-तोटा नावे, उत्पन्न-नफा जमा. इथं कुणीही खात्यांचे व्यक्ती, वास्तव, नामधारी असे भाग करत नाही. इथं एकच समीकरण: मालमत्ता बरोबर देणी अधिक मालकाचं भांडवल. मालमत्ता वाढली की नावे, देणी किंवा भांडवल वाढलं की जमा. पहिल्या दोन आठवड्यांत जुने नियम बाजूला ठेवून या समीकरणानं विचार करायची सवय लावा. दोन्ही पद्धती डोक्यात एकदम चालवल्या तर परीक्षेत वेळ जातो. एकदा सवय झाली की जुने नियम पडताळणीला फार छान उपयोगी पडतात.

ताळेबंदाचा साचाही वेगळा. आपण डावीकडे देणी, उजवीकडे मालमत्ता लिहायचो. इथं मालमत्ता आधी, आणि तीही रोखीत लवकर बदलणारी आधी: रोख, येणं, माल, मग इमारत. विद्यार्थ्यांचे गुण सर्वांत जास्त जातात ते वर्षाखेरीच्या समायोजन नोंदींत. एक उदाहरण घ्या. १ ऑक्टोबरला वर्षभराच्या विम्याचे १,२०० डॉलर भरले. भरताना तो खर्च नाही, आगाऊ दिलेला विमा ही मालमत्ता आहे. इथं बऱ्याच कंपन्यांचं वर्ष ३१ डिसेंबरला संपतं. तोवर तीन महिने संपले, म्हणून ३०० डॉलर विमाखर्च नावे आणि आगाऊ विमा ३०० जमा. उरलेले ९०० ताळेबंदात मालमत्ता म्हणून राहतात. ३१ मार्चची सवय असलेलं डोकं इथं सहा महिने मोजून मोकळं होतं. रोज अशी दोन उदाहरणं हातानं लिहून सोडवा, स्क्रीनवर नव्हे. आणि मालाच्या मूल्यांकनात 'शेवटी आला तो आधी गेला' ही पद्धत अमेरिकेत चालते, भारताच्या लेखामानकांत चालत नाही. ती नव्यानं शिकावी लागेल. पुढची सगळी वर्षं या दोन कोर्सवर उभी राहतात, म्हणून ते परीक्षेनं उडवू नका म्हटलं.

इकॉनॉमिक्समध्ये आलेख काढता आला पाहिजे आणि तो शब्दांत सांगता आला पाहिजे. इथं आपलं गाव कामाला येतं. पुरवठ्याची लवचिकता शिकताना मी सांगलीच्या हळदीवर लिहिलं. भाजी पडून खराब होते, म्हणून शेतकऱ्याला मिळेल त्या भावात विकावी लागते. हळद वाळवून ठेवता येते. हरिपूरला तर जमिनीखालच्या पेवांत ती साठवायचे. साठवता आलं की भाव पडल्यावर थांबता येतं, आणि थांबता आलं की पुरवठा भावाप्रमाणे हलतो. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेही त्यात घातलं. प्राध्यापकांनी तो निबंध वर्गात वाचून दाखवला. पुस्तकातली पिझ्झाची आणि कॉफीची उदाहरणं सगळेच लिहितात. तुम्ही तुमच्या बाजारपेठेचं लिहा. द्राक्षं, कांदा, हापूस, काजू, जे जवळून पाहिलंय ते.

इंग्रजी रचनेला मराठी माध्यमातल्या बायका सगळ्यात जास्त भितात. व्याकरण अडचण नसते, अडचण मांडणीची असते. आपण निबंध सुभाषितानं सुरू करतो, वातावरण तयार करतो आणि मग हळूहळू मुद्द्यावर येतो. इथं पहिल्याच परिच्छेदात तुमचं म्हणणं एका वाक्यात मांडावं लागतं आणि पुढचा प्रत्येक परिच्छेद त्याच वाक्याला धरून चालतो. आधी ते एक वाक्य लिहा, मगच पुढे जा. प्रत्येक कॉलेजात रायटिंग सेंटर असतं; कच्चा मसुदा घेऊन तिथं जायचं, कुणीतरी शेजारी बसून वाचतं, पैसे लागत नाहीत. कुठलाही मजकूर उचलला तर तो कुठून घेतला ते लिहायलाच हवं. आणि मैत्रिणीला आपली सोडवलेली फाइल पाठवू नका. आपल्याकडे जर्नल एकमेकींना देणं म्हणजे मदत. इथं दोघींवर कारवाई होते आणि ती नोंदीत राहते.

भाषणाचा कोर्स टाळू नका, ऑनलाइन तर अजिबात घेऊ नका. उभं राहून बोलायचा सराव तिथंच होतो आणि नोकरीच्या मुलाखतीत तोच वाचवतो. मी भिशी कशी चालते ते सांगितलं: बारा बायका, महिन्याला ठरलेली रक्कम, दर महिन्याला एकीची चिठ्ठी. मग विचारलं, पहिली चिठ्ठी लागणाऱ्या बाईला आणि शेवटच्या बाईला सारखाच फायदा होतो का? व्याज न लिहिता व्याजाचा विषय समजावता आला आणि वर्गानं प्रश्न विचारून वेळ संपवला. वर्गात घाना आणि हैतीची मुलं होती. तिकडेही असंच चालतं म्हणाली.

गणितात सोपा पर्याय दिसला तरी जायच्या विद्यापीठाची यादी बघूनच निवडा. बऱ्याच बिझनेस स्कूलना कॅल्क्युलस लागतं. नंतर एकटा तो कोर्स करायला एक सेमिस्टर जातं.

आठवडा कसा बसवायचा

साधा हिशेब आहे: एका क्रेडिटला आठवड्याला एक तास वर्ग आणि दोन तास घरचा अभ्यास. तीन क्रेडिटांचा कोर्स म्हणजे नऊ तास. पाच कोर्स म्हणजे ४५ तास, म्हणजे पूर्ण नोकरी. लहान मूल घरात असेल तर पहिल्या सेमिस्टरला दोनच कोर्स घ्या आणि त्यात एक अकाउंटिंग, एक इंग्रजी असू द्या. दोन्हींची जात वेगळी, त्यामुळे डोकं थकत नाही.

सिलॅबस मिळाला की त्याच दिवशी सगळ्या तारखा स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर लिहा, सर्वांना दिसतील अशा. परीक्षेच्या आठवड्यात पाहुणे येणार नाहीत, हे घरच्यांशी आधीच बोलून ठेवा. हे बोलायला जड जातं, तरी बोला. दिवाळी फॉल सेमिस्टरच्या मधोमध येते आणि बरेचदा तेव्हाच चाचण्या असतात. प्राध्यापकांना सेमिस्टरच्या सुरुवातीला सांगितलं तर बहुतेक जण तारीख पुढेमागे करतात. आदल्या दिवशी सांगितलं तर नाही.

प्राध्यापकांचे ऑफिस अवर्स असतात. त्या वेळेत ते विद्यार्थ्यांची वाट बघत बसलेले असतात आणि फारसं कुणी येत नाही. 'मला समजलं नाही' असं म्हणत जाऊ नका. 'या गणितात तिसऱ्या ओळीपर्यंत आले, पुढे अडले' असं म्हणत जा. 'सर' म्हणायची गरज नाही, 'प्रोफेसर' आणि आडनाव पुरे.

एखादा कोर्स हाताबाहेर चाललाय असं वाटलं तर शैक्षणिक कॅलेंडरमध्ये माघार घ्यायची शेवटची तारीख बघा. तिच्याआधी बाहेर पडलात तर डब्ल्यू (विथड्रॉ, म्हणजे माघार) लागतो, सरासरीवर परिणाम होत नाही. तारीख गेली की जी ग्रेड पडेल ती सरासरीत धरली जाते, मग ती एफ (नापास) का असेना. कुठल्याही कोर्सला सी च्या खाली जाऊ देऊ नका. डी ने कोर्स पास होतो, पण पुढच्या विद्यापीठात तो अडतो. चारपैकी साडेतीनच्या आसपास सरासरी टिकली तर फाय थीटा काप्पा या संस्थेचं बोलावणं येतं. १९१८ पासूनची ही संस्था खास दोन वर्षांच्या कॉलेजातल्या विद्यार्थ्यांसाठी आहे. सभासदत्वाची फी भरा. अनेक विद्यापीठं तिच्या सभासदांसाठी वेगळी ट्रान्सफर शिष्यवृत्ती ठेवतात.

व्हिसा आणि काम

एच-४ वर शिकता येतं, पण वर्क परमिट नसेल तर पगाराचं काम करता येत नाही, कॅम्पसवरचंही नाही. नवऱ्याचं आय-१४०, म्हणजे ग्रीनकार्डसाठी कंपनीनं केलेला अर्ज, मंजूर झालं असेल तर २०१५ च्या नियमाखाली परमिटला अर्ज करता येतो. एफ-१ वर आलेल्यांना सेमिस्टर चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला २० तास काम करता येतं, पण त्यांना पूर्णवेळ, म्हणजे किमान १२ क्रेडिटं घ्यावीच लागतात आणि त्यात एकच ऑनलाइन कोर्स धरला जातो. बी-२ या पर्यटक व्हिसावर आलेल्या सासू-नणंदेला इथं डिग्रीला बसता येत नाही.

परमिट नसताना हात रिकामा ठेवू नका. एक्सेल पक्कं करा, क्विकबुक्स शिका. आयआरएसच्या, म्हणजे इथल्या आयकर खात्याच्या, व्हिटा योजनेत स्वयंसेवक कमी उत्पन्नाच्या लोकांचे टॅक्स रिटर्न फुकट भरून देतात. प्रशिक्षण तेच देतात आणि परीक्षा घेतात. परमिट आल्यावर मुलाखतीला सांगायला हे काम मोठं असतं. असोसिएट डिग्रीवर बुककीपर, अकाउंट्स पेएबल, पेरोल, बँकेचा काउंटर अशा जागा मिळतात. भारतातल्या पतसंस्थेतला अनुभव बायोडेटात लपवू नका. रोकड जुळवणं, कर्जाचे हप्ते, ठेवींच्या पावत्या, हे काम इथंही तेच आहे.

जानेवारीच्या अखेरीस कॉलेजकडून भरलेल्या फीचा १०९८-टी फॉर्म येतो. तो जपून ठेवा आणि तुमच्याकडे सोशल सिक्युरिटी नंबर असेल तर टॅक्स भरणाऱ्याला लाइफटाइम लर्निंग क्रेडिटबद्दल विचारा. फीच्या २० टक्के, वर्षाला जास्तीत जास्त २,००० डॉलरपर्यंत कर कमी होऊ शकतो.

शेवटच्या सेमिस्टरला एक अर्ज राहून जातो. ६० क्रेडिटं झाली म्हणजे डिग्री आपोआप मिळत नाही. पदवीसाठी वेगळा अर्ज मुदतीत करावा लागतो, आणि न्यू जर्सीतला लॅम्पिट कायदा पूर्ण झालेल्या डिग्रीलाच पूर्ण लागू होतो. अर्ज केल्यावर रजिस्ट्रारकडून डिग्री ऑडिट, म्हणजे कुठल्या अटी पूर्ण झाल्या त्याची यादी, मागवा, एनजे ट्रान्सफरच्या यादीशी ओळ न् ओळ जुळवा, आणि डिग्रीची तारीख ट्रान्स्क्रिप्टवर चढल्यानंतरच ते विद्यापीठाला पाठवायला सांगा. तारीख चढण्याआधी गेलेलं ट्रान्स्क्रिप्ट तिकडे 'अपूर्ण' म्हणून पडून राहतं.